वसतिगृहात व्हिडिओंसाठी स्थानिक कॅशे सर्व्हर: काय जमते आणि काय जमत नाही?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. लातुरात माझे मुलींचे वसतिगृह आहे आणि त्याला लागूनच अभ्यासिका चालते. नीट आणि जेईईची तयारी करणाऱ्या सुमारे १८० मुली येथे राहतात. क्लास आटोपल्यावर रात्री आठ ते अकरा या वेळेत बहुतेक जणी व्याख्यानांचे व्हिडिओ लावून बसतात. त्यांतले काही यूट्यूबवरचे असतात, तर काही क्लासने स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवलेले. जोडणी ३०० एमबीपीएसची फायबर आहे. दुपारी ती झकास चालते, रात्री मात्र व्हिडिओ सारखा अडकतो आणि गाऱ्हाणी घेऊन मुली माझ्या दाराशी उभ्या राहतात.

एकच धडा एका रात्रीत पन्नास मुली पन्नास वेळा बाहेरून ओढतात, हे मनाला पटत नाही. पहिल्या मुलीने पाहिलेला व्हिडिओ वसतिगृहातल्या सर्व्हरवर साठवून बाकीच्यांना तिथूनच देता येईल का? एका विक्रेत्याने खास यूट्यूबसाठीचा कॅशे बॉक्स म्हणून एक यंत्र दाखवले आहे. किंमत थोडीथोडकी नाही, म्हणून आधी येथे विचारते आहे.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

ताई, तो बॉक्स घेऊ नका. तुमची कल्पना चुकीची नाही, पण यूट्यूबपुरता तिचा काळ सरला आहे.

१९९०च्या दशकात स्क्विड नावाचा प्रॉक्सी, म्हणजे वापरणारा आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसणारा, सर्व्हर आला आणि नंतरची बरीच वर्षे अनेक महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत तो चालला. आपल्याकडेही एका बारीकशा लीज्ड लाइनवर शंभर संगणक चालवणाऱ्यांची सारी भिस्त त्याच्यावरच असे. तेव्हा संकेतस्थळे साध्या एचटीटीपीवर होती. मधल्या सर्व्हरला कोण काय मागते आहे ते उघड दिसे आणि आलेल्या उत्तरावर ते किती वेळ साठवता येईल याची सूचनाही वाचता येई, त्यामुळे दुसऱ्याने तेच मागितले की बाहेर जाण्याची गरज पडत नसे.

एचटीटीपीएसने हे चित्र पालटले. आता फोन आणि यूट्यूबचा सर्व्हर यांच्यातला सगळा संवाद कूटबद्ध असतो. यूट्यूबची ९७ टक्के वाहतूक कूटबद्ध झाल्याचे गूगलने २०१६ मध्येच जाहीर केले होते. मधल्या यंत्राला फार तर एवढे कळते की हा फोन गूगलच्या अमुक सर्व्हरशी बोलतो आहे. कोणता व्हिडिओ, कोणता तुकडा, हे कळत नाही. भरीस भर म्हणजे, एकच व्हिडिओ पाहणाऱ्या दोन मुलींना दोन वेगळे पत्ते मिळतात आणि त्या पत्त्यांना मुदतही असते. जे यंत्राला ओळखूच येत नाही, ते साठवून दुसऱ्याला देणार तरी कसे?

सिंदफणा (बीड)

पण स्क्विडमध्ये एसएसएल बंपची सोय आहे ना? आपले स्वतःचे मूळ प्रमाणपत्र (समोरचा सर्व्हर खरा आहे हे फोन ज्याच्या आधारे ठरवतो ते) प्रत्येक फोनवर बसवले की मधला सर्व्हर संवाद उलगडतो, आतला व्हिडिओ पाहतो आणि पुन्हा कूटबद्ध करून पुढे पाठवतो. विक्रेत्याचा बॉक्स हेच करत असावा.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

असेल, पण फोनवर ते चालणार नाही. २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ पासून, वापरकर्त्याने बसवलेल्या प्रमाणपत्रावर अॅप आपणहून विश्वास ठेवत नाहीत. ब्राउझरमध्ये कदाचित चालेल, यूट्यूबच्या अॅपमध्ये नाही. आणि मुली अॅपच वापरतात.

तांत्रिक अडचण बाजूला ठेवली तरी मी हे कोणालाही सुचवणार नाही. असे प्रमाणपत्र ज्या फोनवर बसेल, त्यावरून ब्राउझरमध्ये उघडलेली बँक, ईमेल, खासगी पत्रव्यवहार हे सगळे त्या मधल्या यंत्राला वाचता येते. इतक्या मुलींचा विश्वास एका पेटीच्या आणि तिला दुरून अपडेट पाठवणाऱ्या विक्रेत्याच्या हवाली करायचा, तोही थोडी बँडविड्थ वाचावी म्हणून, हा सौदा मला अंगावर शहारे आणणारा वाटतो.

केबलवाला_परभणी

ताई, मी परभणीत इंटरनेट सेवेचा छोटा व्यवसाय करतो, त्यामुळे आमच्या बाजूची गोष्ट सांगतो. तुम्हाला जो कॅशे हवा आहे तो अस्तित्वात आहे, फक्त तो तुमच्या इमारतीत न बसता सेवादात्याकडे बसतो. गूगल स्वतःची यंत्रे मोठ्या सेवादात्यांच्या केंद्रांत ठेवते, त्याला गूगल ग्लोबल कॅशे म्हणतात. नेटफ्लिक्सचा ओपन कनेक्ट २०१२ मध्ये सुरू झाला. तीही यंत्रे सेवादात्याला फुकट मिळतात, जागा, वीज आणि जोडणी त्याने द्यायची. फेसबुक आणि अकामाई यांचीही अशीच व्यवस्था आहे. अट एवढीच की तुमच्याकडे त्यांची ठरावीक किमान वाहतूक असली पाहिजे, आणि तिथेच आमच्यासारखे लहान लोक मागे राहतात.

म्हणून आम्ही वरच्या मोठ्या कंपनीकडून दोन प्रकारची बँडविड्थ घेतो: एक सगळ्या इंटरनेटची, आणि दुसरी फक्त कॅशे व पिअरिंगची (म्हणजे दोन जाळी थेट एकमेकांना जोडून केलेल्या देवाणघेवाणीची), जी स्वस्त पडते. घराघरांतली बरीचशी वाहतूक व्हिडिओंचीच असते, त्यामुळे ही दुसरी बँडविड्थ पुरेशी घेतली तर ग्राहक खूश राहतो. कोणी तिथे हात आखडता घेतला की रात्री नऊला सगळे एकदम बसले की लाइन तुंबते. स्पीड टेस्ट मात्र उत्तम येते, कारण तिचा सर्व्हर बहुधा सेवादात्याच्या स्वतःच्या जाळ्यातच असतो! धंद्यातली ही गोष्ट ग्राहकाला कोणी सांगत नाही.

बालाघाट (मूळ बीड, सध्या पुणे)

केबलवालादादांनी मर्मावर बोट ठेवले आहे. मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडी भर घालतो.

या यंत्रांची भरण्याची पद्धत सारखी नसते. उद्या लोक काय पाहतील याचा अंदाज बांधून नेटफ्लिक्स आपल्या यंत्रांत रात्री उशिरा, वाहतूक कमी असताना, आधीच माल भरून ठेवते. तिथे यादी मर्यादित असल्याने हे साधते. यूट्यूबवर दर मिनिटाला नवे येत असल्यामुळे तिथे पहिली मागणी आली की तुकडा आणला जातो आणि पुढच्यांसाठी राहतो. दोन्हीकडे आधार एकाच गोष्टीचा आहे: थोड्याशा व्हिडिओंना बहुतांश प्रेक्षक असतात. नीटच्या भौतिकशास्त्राचे गाजलेले व्याख्यान लातूर, नांदेड, कोटा अशा सगळीकडे त्याच आठवड्यात पाहिले जाते, त्यामुळे ते जवळच्या यंत्रात सापडण्याची शक्यता दांडगी असते.

अंतराबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. लातूर ते मुंबई तार ५०० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद लागतात. वळसे आणि मधली उपकरणे धरून १० ते १५ म्हणा. मुंबईत कॅशे असेल तर मराठवाड्याला तेवढे पुरेसे जवळ आहे. खरा फरक पडतो तो मुंबईऐवजी सिंगापूरहून माल येऊ लागला तर, किंवा मधल्या एखाद्या तुंबलेल्या दुव्यावर पॅकेट (डेटाचे छोटे गठ्ठे) हरवू लागली तर. पारंपरिक टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर माल पोचवण्याच्या नेहमीच्या पद्धतीचा, वेग परतफेरीच्या वेळेच्या व्यस्त प्रमाणात आणि हरवलेल्या पॅकेटांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. शेकडा एक पॅकेट हरवत असेल तर ६० मिलिसेकंदांवर एका जोडणीला जेमतेम अडीच एमबीपीएस मिळतात, १० मिलिसेकंदांवर तेच चौदा होतात. माल किती वेगाने पाठवायचा हे ठरवणारी, गूगलने २०१६ मध्ये आणलेली बीबीआर पद्धत किरकोळ गळतीने इतकी डगमगत नाही, म्हणून अशाच लाइनवर यूट्यूब चालते आणि क्लासचे संकेतस्थळ अडकते, असेही होऊ शकते. तुमच्याकडे तसे होते का ते पाहा.

आता तपासणी. रात्री नऊच्या सुमारास लॅपटॉप थेट राउटरला तारेने जोडा आणि फास्ट डॉट कॉम उघडा. ती नेटफ्लिक्सची सेवा असून वेग त्यांच्या कॅशे यंत्रांपासूनच मोजते, आणि अधिक माहिती उघडल्यावर सर्व्हर कोणत्या शहरात आहेत तेही दाखवते. यूट्यूबचा व्हिडिओ लावून त्यातले स्टॅट्स फॉर नर्ड्सही उघडा. जोडणीचा वेग आणि पुढचा किती सेकंदांचा साठा हाताशी आहे, हे तिथे दिसते. मग तेच सगळे तिसऱ्या मजल्यावरच्या फोनवर वाय-फायने करा.

डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) कोणते आहे तेही सांगा. कॅशेचा पत्ता बऱ्याचदा डीएनएसच ठरवते. बाहेरचे डीएनएस लावले आणि ते तुमच्या जाळ्याची ओळख पुढे पाठवत नसेल, तर जवळचे यंत्र सोडून दूरचे मिळू शकते. गूगलचे ८.८.८.८ ती ओळख पुढे पाठवते, क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ खासगीपणाच्या कारणास्तव पाठवत नाही.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे आभार. माझ्या भाच्याने बालाघाट यांनी सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. रात्री नऊला तारेवर फास्ट डॉट कॉमने २७० एमबीपीएस दाखवले, शहर मुंबई. त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या फोनवर ४ एमबीपीएस, आणि साठा शून्यावर येऊन व्हिडिओ थांबलेला. डीएनएस सेवादात्याचेच आहे. क्लासचे संकेतस्थळ मात्र तारेवरही हळू चालते.

प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी एक वाय-फाय यंत्र आहे. वरच्या दोन मजल्यांवर तार नेलेली नाही. तिथे खालचाच सिग्नल पकडून पुढे देणारी रिपीटर यंत्रे आहेत.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

मग तुमचे निम्मे दुखणे कॅशेचे नाहीच. सेवादाता मुंबईहून माल बरोबर आणून देतो आहे आणि तो तुमच्या जिन्यात अडतो आहे.

एका वाय-फाय यंत्राची हवा सगळ्या फोनना वाटून घ्यावी लागते. एका वेळी एकच बोलतो. लांबच्या खोलीतला, सिग्नल कमी असलेला फोन तेवढाच माल घ्यायला कितीतरी जास्त वेळ हवा अडवून धरतो आणि त्याची झळ सगळ्यांना बसते. रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून तिथे वेग निम्म्यावर येतो. वरच्या मजल्यांवर आधी तार न्या. प्रत्येक मजल्यावर एका जोरदार यंत्राऐवजी दोन-तीन कमी शक्तीची यंत्रे लावा आणि ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारी वाहिनी १, ६ आणि ११ अशी तीनच आहेत, आणि शेजारच्या वसतिगृहांनीही तीच व्यापलेली असणार. क्लासच्या भागात काय दाटी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

राउटरवर केक किंवा एफक्यू-कोडेल ही, सगळ्यांना आळीपाळीने वाटा देणारी, रांगव्यवस्था सुरू करा. मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये आणि ओपनडब्ल्यूआरटीमध्ये, म्हणजे राउटरवर चालणाऱ्या या प्रणालींमध्ये, दोन्ही आहेत. एका मुलीचा फोन फोटोंची प्रत वर चढवत असला तरी बाकीच्यांचे व्हिडिओ त्यामुळे खोळंबत नाहीत. एकूण वेग जोडणीच्या वेगापेक्षा थोडा कमी बांधायला विसरू नका, नाहीतर रांग तुमच्या राउटरऐवजी सेवादात्याच्या यंत्रात लागते आणि तिथे तुमचे काही चालत नाही.

गुरुजी_औंढा (हिंगोली)

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे प्रश्न याच्या उलट आहे: वाय-फाय ठीक आहे, पण बाहेरची लाइनच बेभरवशाची. रस्त्याचे काम निघाले की जेसीबीने तार तुटते आणि ती जोडली जाईपर्यंत शाळा इंटरनेटविना असते. म्हणून आम्ही कॅशेच्या भानगडीत न पडता, लागणारी सामग्रीच आधी आणून ठेवतो. जुन्या डेस्कटॉपवर कोलिब्री हे सॉफ्टवेअर बसवले आहे. लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेने ते मुळातच इंटरनेट नसलेल्या शाळांसाठी केले आहे. त्यात खान अकॅडमीचे व्हिडिओ, स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी असे संच एकदा उतरवून घेतले की मुले वाय-फायवरून ब्राउझरमध्ये पाहतात. शेजारच्या शाळेला संच हवा असेल तर आमच्या संगणकावरून स्थानिक जाळ्यातच घेता येतो. इंटरनेटविना वाचता यावा म्हणून किविक्स या सॉफ्टवेअरवर मराठी विकिपीडियाही ठेवला आहे; अख्खा एका फाइलमध्ये मावतो.

नीटसाठी याचा थेट उपयोग नसेल, पण क्लासचे व्हिडिओ क्लासच्याच मालकीचे आहेत ना? मग तेच मागून आणून वसतिगृहात का ठेवू नयेत?

सिंदफणा (बीड)

गुरुजींचा मुद्दा योग्य आहे, पण मग यूट्यूबवरची व्याख्यानेही कोणीतरी रात्री उतरवून ठेवली तर काय बिघडले?

बालाघाट (मूळ बीड, सध्या पुणे)

यूट्यूबच्या अटींना ते मान्य नाही आणि व्याख्यान देणाऱ्या शिक्षकाची कमाईही त्या पाहण्यावर असते. ज्या मुलीला फार गरज आहे तिने अॅपमधलीच डाउनलोडची सोय वापरून दुपारी लाइन मोकळी असताना धडा घेऊन ठेवावा. तो तिच्याच फोनवर राहतो आणि रात्रीची गर्दीही तेवढी कमी होते.

गुरुजींनी सुचवले ते मात्र खरोखर करण्याजोगे आहे. क्लासच्या संकेतस्थळापुढे कोणतेही सीडीएन (ठिकठिकाणच्या कॅशे यंत्रांतून माल देणारी सेवा) नसावे आणि सर्व्हर देशाबाहेर असावा, असा माझा अंदाज आहे. तारेवरही ते हळू चालते याचे कारण तेच दिसते. त्यांना ताई दोन गोष्टी सुचवू शकतात. एक, त्यांनी मुंबईत केंद्र असलेले एखादे सीडीएन पुढे लावावे, म्हणजे मुली सुट्टीत उदगीर किंवा मुखेडला गेल्या तरी त्यांना फायदा मिळेल. दुसरे, वसतिगृहात एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर चालवणारा एक छोटा संगणक ठेवून त्यांच्याच परवानगीने त्यांच्या व्हिडिओंचा कॅशे करावा. येथे कूटबद्धतेचा अडसर उरत नाही, कारण संकेतस्थळाचा मालकच सोबत आहे. वसतिगृहासाठी एक उपनाव (संकेतस्थळाच्या नावाखालचे वेगळे नाव) तो देतो, त्याचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेकडून डीएनएस पद्धतीने रीतसर मिळते, कोणाच्याही फोनवर काही बसवावे लागत नाही. मुख्य संकेतस्थळाचे प्रमाणपत्र आणि गुप्त किल्ली मात्र त्यांनी कोणाला देऊ नये आणि तुम्हीही मागू नये.

व्हिडिओ एचएलएस स्वरूपात, म्हणजे काही सेकंदांच्या छोट्या तुकड्यांत हवेत. तुकडे लहान असले की कॅशे सोपा होतो आणि सिग्नल घसरला तर फोन पुढचा तुकडा हलक्या प्रतीचा मागू शकतो. तुकडे एकदा तयार झाल्यावर बदलत नाहीत, म्हणून ते महिनाभर साठवायला हरकत नाही. नव्या धड्यांची यादी असलेली फाइल मात्र मिनिटभरापेक्षा जास्त साठवू नका, नाहीतर नवा धडा मुलींना दिसायचाच नाही. एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी कॅशे लॉक ही सूचना सुरू ठेवा. नवा धडा आठ वाजता आला आणि शंभर जणींनी एकदमच पहिला तुकडा मागितला, तर ती नसताना शंभरही मागण्या बाहेर जातात. ती असली की एक बाहेर जाते, नव्याण्णव क्षणभर थांबतात आणि मग घरातूनच घेतात.

मांजराकाठ (लातूर)

क्लासच्या संचालकांशी बोलले, ते तयार आहेत. पण वसतिगृहातली मुलगी घरी गेली की तीच लिंक तिथे कशी चालेल? आणि किती मोठा संगणक लागेल?

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

ते उपनाव बाहेरच्या डीएनएसमध्ये क्लासच्या सर्व्हरकडे बोट दाखवील, आणि तुमच्या राउटरवरच्या डीएनएसमध्ये तेच नाव घरातल्या संगणकाकडे. लिंक एकच राहते. एखाद्या फोनवर खासगी डीएनएस सुरू असेल तर तो राउटरला न विचारता बाहेर जाईल. व्हिडिओ तरीही चालेल, फक्त लांबून येईल. फळ्यावरचे व्याख्यान ४८० ओळींत १ एमबीपीएसमध्ये नीट वाचता येते. तासाभराचा धडा त्या हिशेबाने ४५० मेगाबाइटचा होतो आणि ५०० तासांना सव्वादोनशे गीगाबाइट लागतात. ७२० ओळींची दुसरी प्रतही ठेवली तरी १ टेराबाइटच्या एसएसडीत सगळे बसते. प्रोसेसर साधाच चालेल, मेमरी १६ गीगाबाइट घ्या. त्या रात्रीचे गाजलेले धडे बहुधा मेमरीतूनच दिले जातील आणि डिस्कला हातही लागणार नाही.

केबलवाला_परभणी

संगणक गच्चीखालच्या खोलीत ठेवू नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तिथे काहीही टिकत नाही. तळमजल्यावरची हवेशीर जागा बघा. राउटर, फायबरची डबी, मजल्यांवरची वाय-फाय यंत्रे आणि हा संगणक एकाच यूपीएसवर घ्या, कारण एक जरी वगळले तरी वीज गेल्यावर बाकीचे चालू असून उपयोग नाही. पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीजही देणारा स्विच, वापरलात तर मजल्यांवरच्या यंत्रांना वेगळी वीज न्यावी लागत नाही, सगळी तळमजल्यावरूनच जाते.

सिंदफणा (बीड)

एक शेवटचे. रविवारी क्लास थेट प्रक्षेपण करतो म्हणे. कॅशेचा त्याला उपयोग होतो का?

बालाघाट (मूळ बीड, सध्या पुणे)

थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असेल तर नाही, क्लासच्या सर्व्हरवरून एचएलएसने होत असेल तर हो. तिथेही काही सेकंदांचे तुकडेच येतात आणि तोच तुकडा सगळ्यांना एकाच वेळी हवा असतो, त्यामुळे वर सांगितलेली लॉकची सूचना तिथे सर्वांत जास्त कामाला येते. १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते, तेही जागोजागी ठेवलेल्या अशाच कॅशेंमुळे जमले. थेट प्रक्षेपणाच्या यादीची फाइल मात्र एक-दोन सेकंदांपलीकडे साठवू नका. यूट्यूबवरच करायचे असेल तर अभ्यासिकेत प्रोजेक्टर लावून एकाच जोडणीवर सगळ्यांना दाखवा.

मांजराकाठ (लातूर)

प्रोजेक्टर आहेच. वरच्या मजल्यांची तार आधी टाकून घेते, संगणक त्यानंतर. विक्रेत्याला नको म्हणून कळवले आहे. तार टाकल्यावर रात्री नऊचे आकडे येथे देईन.